कॅसेटच्या शेपटीतलं नाटक

दिवाळीला भाऊ पुण्याहून इंदूरला आला आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या व्हिडिओ कॅसेटींच्या कपाटासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. जुनी वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवतात. तो ती फेकायला निघाला की माझं डोकं तापतं. आमचं हे लहानपणापासून असंच चाललं आहे.

"ताई, सगळं कबाड आहे हे," तो म्हणाला. "यातला एकेक पिक्चर डिस्कवर मिळतो. नवीन घेऊन टाकू, एकदम साफ प्रिंट. आणि हे देऊ कबाडीवाल्याला."

"काही नको. दुकानात देऊन यांच्याच डिस्क करून घेऊ."

"बुरशी लागलीय यांना. बुरशीची डिस्क करून काय करणार तू?"

बोलणं बिनतोड होतं, म्हणूनच मला जास्त राग आला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आमचा व्हीसीआर तर त्यांच्याही आधी निकालात निघाला होता. त्या कॅसेटी मला का हव्या होत्या, हे धड सांगताही येईना. हव्या होत्या, बस. आई पलंगावर लसूण सोलत आमचं भांडण ऐकत होती.

भाऊ हुशार. त्यानं वाद घातला नाही, नमुना आणला. बाबांचा आवडता एक पौराणिक सिनेमा कुठून तरी डिस्कवर मिळवला आणि दुपारी आईला समोर बसवून लावला. चित्र खरंच सुरेख होतं. देवांच्या मुकुटातले खडेसुद्धा मोजून घ्यावेत इतकं स्वच्छ. माझं तोंड उतरलं. सिनेमा संपला, भावानं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं आणि तो टीव्ही बंद करायला उठला. आई मात्र जागची हलली नाही.

"पुढचं लाव ना," ती म्हणाली.

"संपला, आई."

"पिक्चर संपला रे. पुढचं?"

आणि मला एकदम आठवलं. आमच्या घरी सिनेमा संपला म्हणजे कॅसेट संपत नसे. बाबांना काही वाया गेलेलं खपायचं नाही. पोह्यांवर भुरभुरून बशीत उरलेली शेवसुद्धा ते परत डब्यात टाकत. सिनेमा उतरवून घेतल्यावर जी थोडी फीत उरायची, तिला ते शेपूट म्हणत आणि शेपूट कधी कोरं ठेवत नसत. ऑफिसातल्या मित्राचा कॅमेरा मागून आणत आणि त्यातलं काहीबाही तिथे उतरवून ठेवत. कुठे नवी स्कूटर पूजेला खजराण्याच्या गणपतीला नेलेली, कुठे शेजारची मुंज, कुठे भाऊ तापातून उठल्यावर गादीवर नाचताना. कॅसेटीवर नाव फक्त सिनेमाचं. शेपटाला कोण नाव देतं?

"त्यातच कुठे तरी माझं नाटक आहे," आई म्हणाली.

भाऊ खाली बसला. त्या नाटकाचं भांडण आमच्या घराण्यात ठाऊक नाही असं कुणीच नाही. इथे इंदुरातच, लालबागच्या मैदानावर मेळा भरला होता आणि आपल्या मराठी मंडळाच्या बायकांनी तिथे नाटक केलं होतं. आई त्यात प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेत उभं राहून इतरांना वाक्यं पुरवणारी. ज्या बाई फौजदाराचं काम करणार होत्या, त्यांचा घसा ऐन वेळी बसला. सगळ्यांची वाक्यं पाठ असणारी एकच बाई मंडळात होती. आईला मिशी चिकटवली आणि स्टेजवर ढकललं. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

पुढे दोन तट. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पडद्याच्या दोरीवर होती. ती प्रत्येक लग्नाकार्यात हसत हसत सांगायची, "वहिनी शेवटचं वाक्य विसरली, मग परदा पाडावा लागला. लोक काय हसले!" आई म्हणायची, मी विसरले नाही, वाक्य पुरं केलं, पडद्याच्या पुढे येऊन केलं. बाबा आईच्या बाजूचे, पण नवऱ्याची साक्ष कोण धरतो? ते म्हणत, कॅसेटमध्ये पुरावा आहे, दाखवू एकदा. पण कुठल्या सिनेमाच्या मागे घातलं तेच ते विसरले, आणि शोधायच्या आधी व्हीसीआर बिघडला. आई ऐंशी पार करून गेली तरी आत्याचा किस्सा चालूच होता आणि आई प्रत्येक वेळी ताटाकडे बघत जेवत राहायची. मला ते अजिबात सहन होत नसे.

आता मला कारण मिळालं होतं. भावानं मुकाट्यानं सगळ्या कॅसेटी गाडीत भरल्या आणि आम्ही जेल रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं वरची नावं वाचली. "दीदी, ये सब पिक्चर तो मोबाइल पे मिल जाएँगे."

"भिया, मला पिक्चर नकोच आहेत," मी म्हटलं. "पिक्चर के बाद का चाहिए."

तो हसून कामाला लागला. फितीवरची बुरशी पुसायची, कॅसेट लावायची, शेवटाकडे पळवायची, बघायचं. काहींवर नुसत्या मुंग्या. एका शेपटीत बाबांचा आवाज आला, "अरे, इकडे बघा, इकडे," आणि भाऊ दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मीही डोळे पुसले. मग एका मारधाडीच्या सिनेमाच्या मागे दिवे लावलेलं स्टेज दिसलं, आणि स्टेजवर मिशी. मी ओरडलेच. दुकानदाराला म्हटलं, पुढचं दाखवू नका, शेवटपर्यंत डिस्कवर घ्या.

कारण आईनं बजावून ठेवलं होतं, "सापडलं तर वन्संना बोलवा. त्यांच्याशिवाय मी बघणार नाही." आत्या खरी निघाली तर? पण आई जरीची साडी नेसून तयार बसली होती.

आत्या कृष्णपुऱ्याहून रिक्षानं आली, गरम कचोऱ्या घेऊन. "खालीपिली दौड लावली पोरांची," म्हणत ऐसपैस बसली. भावानं डिस्क लावली.

चित्र धुरकट होतं, पण आई ओळखू येत होती. चाळिशीतली, खाकी कपडे, पोटावर पट्टा. फौजदार सुनेवर चोरीचा आळ घेतो आणि शेवटी कळतं, चोर त्याचा स्वतःचाच मुलगा. ते कळतं तिथे आई थांबली. नुसती उभी. ओठ हलेनात, हात लुळे पडले. एक खोकला ऐकू आला. आणि पडदा धाडकन खाली.

"बघा!" आत्या म्हणाली.

मी आईकडे पाहिलं नाही. पाहवेना. पण बाबांनी कॅमेरा बंद केला नव्हता. पडद्याची कड हलली आणि तिच्याखालून वाकून फौजदार बाहेर आला. अगदी पुढे येऊन त्यानं टोपी काढली. "बेड्या आणा," आईचा आवाज मैदानभर गेला. "चोर माझ्याच घरचा आहे."

मग जो गलका झाला! टाळ्या, शिट्ट्या, पुढच्या रांगेतले लोक उठून उभे. कॅमेरा हलायला लागला, म्हणजे बाबाही टाळ्या वाजवत असणार. तिथे फीत संपली.

भाऊ उडीच मारून उठला. मी आत्याला मनातलं सगळं सुनावणार होते, शब्दही जुळवून ठेवले होते. पण आत्याचा चेहरा पाहिला आणि राहूनच गेलं.

"मी तर परद्याच्या मागे दोरी बांधत होते, तू पुढे गेलेली दिसलीच नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं, लोक हसून राहिले. वहिनी, देवाशपथ, तू विसरलीस म्हणूनच दोरी सोडली गं मी. तुझी फजिती नको म्हणून."

"विसरले नव्हते. तो फौजदार गप्प झाला होता."

"पण तालमीत हे नव्हतं!"

"नव्हतंच. ते माझं होतं, ऐन वेळी सुचलेलं."

"मला काय माहीत? तुझा चेहरा कसा झाला होता!"

आई तिच्याकडे वळून बसली. "वन्सं, रोज तालमीला होतात तुम्ही. तरी तुम्हाला खरं वाटलं?"

"खरंच वाटलं."

आईनं एकदा टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे मला जमलं होतं." आणि ती इतकी हसली, इतकी हसली, की तिचा हात धरून आत्याही हसायला लागली.