सासुरवाडीची बोअर

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. हा किस्सा ज्याला ज्याला सांगितला त्याला चहाचा ठसका लागलाय, आणि मी मात्र तो आठवला की अजून देवाला हात जोडतो.

माझी नोकरी काय, ते ठाऊक आहे ना? कचऱ्याचे मोठाले डम्पिंग यार्ड असतात. त्यांनी आपल्या आजूबाजूचं जमिनीखालचं पाणी स्वतःच तपासायचं आणि अहवाल आमच्या कार्यालयाला पाठवायचा, असा नियम. अहवाल वेळेवर आला का, आकडे मर्यादेत आहेत का, हे बघत बसणारा माणूस म्हणजे मी. आकडा मर्यादेबाहेर गेला की माझ्या कॉम्प्युटरवरचा चौकोन लाल होतो. चौकोन लाल झाला की मी पांढरा पडतो.

मुळात मी चिंता करणारा माणूस. बायको म्हणते, "तुमाले झोप लागली तं तुमी उठून पाहता, काहून लागली म्हून!"

तर त्या सोमवारी एका यार्डाचा अहवाल उघडला आणि चौकोन लाल! साधासुधा लाल नाही हो. पाण्यात कुजणारी घाण किती, हे सांगणारा बीओडी नावाचा आकडा असतो. तो इतका वर गेला होता की मी आधी चष्मा पुसला, मग स्क्रीन पुसली, मग घाम पुसला.

आणि यार्ड कुठलं? माझ्या सासुरवाडीला लागून असलेलं! बोअर कुठली? पाणी तपासायला गावाच्या बाजूला नुकतीच मारलेली नवी! सासरेबुवांची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सासरेबुवांकडे कोण गेलेलं? माझी चिमी. दुसरीतली पोर!

यार्डाच्या केमिस्ट ढोबळे मॅडमना फोन लावला. "सर, आम्हीपण घाबरलो," त्या म्हणाल्या. "पुन्हा तपासून पाहिलं, तोच आकडा. कचऱ्याचं पाणी खाली झिरपत असेल का हो?"

झालं! मी लगेच सासरेबुवांना फोन केला.

"मामाजी, चिमी विहिरीचं पाणी पिते का?"

"पिऊन राहिली ना जी! मे महिना हाय, पोट्टी पानी नाही पिईन तं काय पिईन?"

"पिऊ देऊ नका! आंघोळसुद्धा नको! आणि हे कोणाला सांगू नका, गाव उगाच घाबरेल."

"मी कोनाले सांगतो जी?"

कोणाला सांगतात! आधी सरपंचाला, मग किराणावाल्याला, आणि मग देवळाच्या भोंग्यावरून अख्ख्या गावाला! तेही "आमच्या जवाईबुवाईनं सांगतलं हाय" अशी सुरुवात करून.

तेवढ्यात बायकोचा फोन. ती सीताबर्डीच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेली होती. "माही पोरगी जहर पिऊन राहिली आन् मले गावातून समजते?" मी तोंड उघडायच्या आत फोन कट.

मोटरसायकल काढून गावात पोचलो, तर यार्डाच्या गेटसमोर रिकामे हंडे घेऊन बायका बसलेल्या. टँकर मागवलेला. कोणाची गुडघेदुखी, कोणाची पडलेली दाढ, सगळं त्या पाण्याच्या नावावर जमा झालेलं. चिमी धावत आली. मी तिची जीभ पाहिली, डोळे पाहिले, कपाळाला हात लावला.

"बाबा, मी मरणार आहे का?"

"नाही गं राणी," म्हणालो खरा, पण माझा आवाज असा काही निघाला की ती भोकाड पसरून रडायलाच लागली. सांगतो तुम्हाला, त्या क्षणी मला काही सुचेना. नुसती भीती. आणि भीतीचा झाला संताप!

तसाच बोअरवर गेलो. मागे अख्खं गाव. ढोबळे मॅडम तिथे उभ्याच होत्या. म्हणाल्या, "सर, मी विचार करत होते. यार्डाच्या बाकी बोअरचं पाणी ठीक आहे. या एकीत वरून कोणी काही टाकलं तर नसेल?"

मग काय विचारता! मी चढलो ना बोअरच्या ओट्यावर.

"कोणी टाकलं? पुढे या! लहान लेकरांच्या जिवाशी खेळता? लाज नाही वाटत? मी सोडणार नाही! गुन्हा दाखल करतो!"

सगळे टक लावून माझ्याकडे बघताहेत. मला वाटलं, काय जोरदार बोललो मी! तेवढ्यात सासरेबुवांनी माझी बाही ओढली.

"जवाईबुवा, बस झालं."

"बस काय मामाजी? कोण आहे तो नालायक, कळू द्या गावाला!"

"तुमीच तं वतलं ना जी," ते हळूच म्हणाले.

"मी? काय ओतलं?"

"दूध! पूजेच्या दिवशी!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली, बोअरसकट! अहो, गावात नवी बोअर मारली की पूजा होते. ही पिण्याची नाही, तपासणीची आहे, हा फरक गावाने मानला नाही. जावई त्याच खात्यातला, म्हणून मान जावयाचा. मी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. बाहेरून चार थेंब शिंपडले असते तर भागलं असतं. पण सासरेबुवांनी घरच्या म्हशीच्या दुधाची भरलेली कळशी हातात दिली, बायका ओरडल्या, "वता जी, सारं वता!" आणि मी भक्तिभावाने अख्खी कळशी पाइपात रिकामी केली. त्यावर नारळाचं पाणी. त्यावर गूळ! भर उन्हाळ्यात ते सगळं आत नासत होतं, आणि मी कार्यालयात बसून यांचा अहवाल अजून कसा आला नाही म्हणून स्मरणपत्रं पाठवत होतो.

ढोबळे मॅडमनी तोंड दुसरीकडे फिरवलं. खांदे मात्र हलत होते.

संपलं असं वाटतंय? छे! पाण्यातली घाण म्हणजे हे नासलेलं दूध, असं मी गावाला समजावलं, तसे सासरेबुवा भडकले. "म्हंजे माह्या म्हशीच्या दुधाले तुमी घान म्हनून राहिले?"

"तसं नाही हो मामाजी, दूध चांगलंच आहे, पण पाण्यात गेलं की..."

"चांगलं हाय तं पिऊन दाखवा!"

मोठा पेला भरून आला. गावासमोर, त्या उन्हात, गरम दूध घटाघटा प्यायलो आणि म्हशीला निर्दोष जाहीर केलं.

मग बोअर पूर्ण उपसून घेतली, पाणी पुन्हा तपासलं. सासरेबुवांच्या विहिरीचंही वेगळं तपासून घेतलं. दोन्ही मर्यादेत! विहिरीचा आकडा पाहिला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी खुर्चीत बसल्या बसल्या रडलो.

पुढच्या आठवड्यात कार्यालयात आढावा बैठक. सगळे अधिकारी हजर. आमचे साहेब कागद चाळत म्हणाले, "त्या यार्डाचा आकडा फार वाढला होता ना? प्रदूषणाचा स्रोत सापडला का?"

"सापडला, साहेब."

"शाबास! कुठे आहे?"

मी उभा राहिलो.

"अहो, बसून सांगा की. उभं कशाला राहायचं?"

म्हटलं, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, कुठे आहे म्हणून? हा काय, तुमच्यासमोर उभा आहे!"