दोन वळणं खाली

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. सांगितलीच नाही असं नाही. पुष्कळदा सांगितली, चार लोकांत रंगवून सांगितली, पण खोटी सांगितली. खरी टाळली. आता इथे इंग्लंडात, मेडनहेडमध्ये, एक चाळिशीची बाई असं धरून बसली आहे की तिच्या वडिलांचा पाय तिच्यामुळे अधू झाला. तो माझ्यामुळे झाला. हे तिला कळायला हवं, आणि ते सांगू शकणारा माणूस आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

हे ठरवल्यापासून मला घरात बसवत नाही. सकाळी बूट चढवतो, मिल्टन कीन्सच्या लाल पायवाटांवरून तासभर चालून येतो, चहा ठेवतो आणि चहा उकळायच्या आत पुन्हा बूट शोधायला लागतो. बायको म्हणते, "अहो, आत्ताच आलात ना?" मी म्हणतो, हो. आणि पुन्हा जातो.

तिचे वडील माझे मित्र. मूळचे नागपूरचे, राहायला वॉटफर्डला. मी पुण्याचा. दोघंही कंप्युटरच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि बायकांच्या पायात पायात येण्यापेक्षा बरं म्हणून पळायला लागलो. तो माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण मला कायम "का बे पुणेकर" अशीच हाक मारायचा. बक्षिसं मिळवण्याइतके आम्ही कधीच वेगवान नव्हतो. आमच्या गटात सगळ्यांच्या मागे आम्ही दोघं, बोलत बोलत पळणारे.

ओमानच्या डोंगरात पळायला जायची कल्पना त्याची. कुठेतरी फोटो पाहिले होते: उघडे बोडके तपकिरी कडे, कड्याला चिकटलेलं ओसाड दगडी गाव, खाली कोरडी नदी. "इथे चिखलात पळून पळून बुरशी चढली बे अंगावर," तो म्हणाला. "जरा वाळू आपण." मिल्टन कीन्समध्ये डोंगर नाही. म्हणून रविवारी सकाळी तो वॉटफर्डहून यायचा आणि आम्ही एका बहुमजली कार पार्कच्या उतारांवर खाली-वर पळायचो. तिथला वॉचमन पहिल्या दिवशी काळजीनं जवळ आला होता. आम्ही गाडी कुठल्या मजल्यावर लावली ते विसरलोय असं त्याला वाटलं.

गटातले सहाजण जानेवारीत गेलो. हवा छान होती, तरी दुपारचं ऊन चांगलंच भाजायचं. पहिले दोन दिवस मी हरखून गेलो होतो. पहाटेच्या गारव्यात निघायचं, पायाखाली खडी करकरायची, आणि सूर्य वर आला की समोरचा कडा राखाडीचा गुलाबी आणि गुलाबीचा पिवळा होत जायचा. वाटेत झाड म्हणावं तर क्वचित. डोंगराच्या कपारीत अचानक दोन-चार डाळिंबाची झाडं आणि त्यांना पाणी देणारा हातभर रुंदीचा दगडी पाट. तो पाटात रुमाल भिजवून डोक्यावर बांधायचा आणि म्हणायचा, "उन्हाळ्यात आमच्या नागपूरला या एकदा. हे तर ए.सी. आहे."

तिसऱ्या दिवशी बाकीचे चौघं खालच्या नदीपात्रात फिरायला जाणार होते. आम्हा दोघांना वरच्या ओसाड गावापर्यंतची वाट पळायची होती. जाऊन-येऊन पाच-सहा तासांची. वाटेत पाणी नाही. अशा ठिकाणी पद्धत अशी की आदल्या दिवशी गाडीनं जाऊन अर्ध्या वाटेवर बाटल्या दगडाखाली ठेवून यायच्या. आमची अर्धी वाट म्हणजे ते गावच, आणि त्याच्या मागून एक कच्चा रस्ता वर येत होता. बाटल्या ठेवायचं काम मी अंगावर घेतलं.

आणि नेमकी त्याच तिसऱ्या दिवशी त्याची संकष्टी होती.

त्याची संकष्टी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. मुलगी सातव्या महिन्यात जन्मली, काचेच्या पेटीत कितीतरी आठवडे होती, तेव्हापासूनचा त्याचा उपवास. फलाहार सोडून काही नाही, पाणी मात्र भरपूर, आणि चंद्र दिसल्यावर जेवण. इंग्लंडच्या ढगांत चंद्र दिसायची मारामार, म्हणून वहिनी दर महिन्याला मोबाइलवर वेळ बघून सांगायच्या. याही वेळी आदल्या दिवशी त्यांचा मेसेज आला. त्यानं तो सगळ्यांना वाचून दाखवला.

"अरे, हिनं वॉटफर्डच्या चंद्राची वेळ पाठवलीये!"

"मग तू वॉटफर्डच्या वेळेनं जेव," मी म्हटलं. "इथले लोक झोपतील तोवर."

"नाही बे. ज्याच्या डोंगरात पळायचं, त्याचाच चंद्र मानायचा."

सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, उद्याचं पळणं एक दिवस पुढे ढकला. तो म्हणाला, पंचवीस-तीस वर्षं उपवासाच्या दिवशी कामं केली, आता पळण्यानं काय होतंय. आणि खरंच, काही झालं नसतं.

मी गाडी घेऊन निघालो तेव्हा तो बरोबर यायला उठला होता. मीच म्हटलं, "तू पड जरा. मी घाटात गाडी चालवलेला माणूस आहे." त्या घाटाला चाळीस वर्षं झाली होती आणि तिथे रस्त्याला कठडा होता. इथे कठडा नव्हता. एक गाडी जेमतेम जाईल एवढा खडीचा रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. एका वळणावर मागचं चाक घसरलं, फार नाही, वीतभर असेल. मी थांबलो. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. वर अजून दोन वळणं होती, मग गाव. मी थांबलो होतो तिथे जरा रुंद जागा होती, एक वाकडं झाड होतं. बाटल्या त्या झाडाखाली ठेवल्या, वर दगड रचले, आणि गाडी पाच-सहा वेळा मागे-पुढे करून कशीबशी वळवली. पायवाट इथूनच कुठूनतरी जात असणार, अशी मनाची समजूत घातली. नकाशा गाडीतच होता. उघडला नाही.

"वरपर्यंत गेलास?" त्यानं विचारलं.

"मग काय!"

एवढंच बोललो. त्यानंतर जे झालं ते या दोन शब्दांवर उभं आहे.

सकाळी पळायला लागल्यावर तासाभरातच मला कळलं की पायवाट डोंगराच्या दुसऱ्या अंगानं चढते. तो कच्चा रस्ता गावापर्यंत आम्हाला कुठेही भेटणार नव्हता. तेव्हाच थांबून सांगायचं होतं. तो हसला असता, शिव्या घातल्या असत्या, आणि आम्ही परत फिरलो असतो. मी पुढे पळत राहिलो. गावापासून दोन वळणंच तर खाली आहेत, वर पोचल्यावर काहीतरी निमित्त काढून उतरू आणि घेऊन येऊ, असं म्हणत राहिलो.

गावात पोचलो तेव्हा ऊन टोचायला लागलं होतं. पडक्या घरांच्या भिंती, एक कोरडं टाकं. तो एकेक दगड उचलून बघायला लागला.

"इथेच ना बे?"

"इथेच ठेवल्या होत्या." आणि मग, विचार न करता, "कोणीतरी नेल्या असतील."

त्यानं खांदे उडवले. "नेल्या तर नेल्या. त्यांचंच वाळवंट आहे." आता रस्त्यानं खाली उतरलो असतो तर बाटल्या सापडल्या असत्या आणि मीही सापडलो असतो. मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो. त्यानं आपली पाठीवरची बाटली काढून हलवली. थोडं पाणी होतं. माझी केव्हाच संपली होती, कारण वाटेत भीतीनं मी ती घटाघटा पिऊन टाकली होती.

"घे, तू पी," तो म्हणाला. "तू म्हातारा माणूस. माझा तसाही उपवास आहे."

मी प्यायलो. त्याच्या उपवासाला पाणी चालतं हे मला ठाऊक होतं. सगळं प्यायलो.

उतरताना तो आधी गप्प झाला. मग एकच वाक्य दोनदा बोलला. मग त्याचं पाऊल वाकडं पडायला लागलं. मी म्हटलं, बसू या. तो म्हणाला, बसलो तर उठणार नाही. एका उतारावर खडीवरून घसरला आणि खालच्या दगडावर कमरेवर आपटला. तो आवाज मी ऐकला. तेवढं वर्णन मी करणार नाही.

एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता. तो आमच्याकडे धावत आला, अक्षरशः धावत, आपल्या कॅनमधलं पाणी माझ्या मित्राला घोट घोट पाजलं, तोंडावर सावली धरून बसला आणि फोन करून माणसं बोलावली. ज्यांच्यावर मी तासाभरापूर्वी बाटल्यांच्या चोरीचा आळ घेतला होता, त्यांच्यातलाच तो.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला विचारलं, यांनी सकाळपासून किती पाणी घेतलं? साधा प्रश्न होता. मी उत्तर दिलं, "आज त्यांचा उपवास आहे." डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं. शब्दशः खरं होतं ते. त्या एका उत्तरानं मी मोकळा झालो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण तो पाय आखूड राहिला. काठी आली. वहिनींनी त्याच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: पळणं बंद आणि उपवासही बंद. त्यानं ऐकलं. पुढे एकदा मला म्हणाला, "पहिल्या चतुर्थीला जेवलो बे. घास तोंडात नुसता फिरत होता." मी विषय बदलला.

आणि तरी मी तो किस्सा सांगत राहिलो. वॉटफर्डच्या गणपतीत, शाळेच्या हॉलमध्ये, माइक हातात घेऊन. साबुदाण्याच्या जोरावर वाळवंट जिंकायला निघालेले नागपूरकर! लोक पोट धरून हसायचे. तो पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून सगळ्यांबरोबर हसायचा. वहिनी हसायच्या नाहीत. असं का केलं, याचं उत्तर मला आता कळतं. गोष्ट जितकी घट्ट बसेल तितकं तिच्याखाली बघायला कोणी जाणार नव्हतं.

पुढे ते दोघं मेडनहेडला मुलीजवळ राहायला गेले. वहिनी वारल्यावर मी तीनदा गाडी काढून निघालो, सांगायचंच म्हणून. एकदा अर्ध्यातून वळलो. एकदा त्यांच्या दारात पोचलो आणि क्रिकेटवर बोलून परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता.

दार मुलीनंच उघडलं. तिचं मराठी इथल्या मुलांचं. "काका, या ना. बाबाची पाय खूप दुखतो, पण तो पेनकिलर घेतच नाही. तुम्ही सांगा त्याला."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, "मला एक बोलायचंय. ओमानचं."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "तू आजवर मनाला लावून घेतलंस ते. मला दिसतं बे. मला अडवलं नाहीस म्हणून ना? उपवास माझा होता. हट्ट माझा होता. तुम्हा सगळ्यांची ट्रिप नासवली मी. मला माफ कर."

आणि मी म्हटलं, "जाऊ दे रे."

त्यानं माझी माफी मागितली आणि मी ती दिली. मार्चमध्ये तो गेला.

अंत्यसंस्कारानंतर मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. "तो फास्ट माझ्यासाठीच करायचा ना, काका? आई सांगायची. मग माझ्यामुळेच झालं ना त्याला सगळं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिला देवनागरी वाचता येत नाही. म्हणून हे मी तिच्यासमोर बसून वाचून दाखवणार आहे, या शनिवारी, गाडी कुठेही न वळवता. पण तिच्याआधी ज्याला सांगायला हवं होतं, त्याच्यासाठी तेव्हा मनात जुळवून नेलेली वाक्यं इथे लिहून ठेवतो. ती त्याच्या खाटेशी बसून म्हणायची होती.

बाटल्या कोणी नेल्या नव्हत्या. मी त्या वर आणल्याच नाहीत. मला गाडी चालवायची भीती वाटली, आणि भीती वाटली हे तुला सांगायची लाज वाटली. तुझं पाणीही मीच प्यायलो. तुझ्या उपवासानं काही झालं नाही. तो तू सोडायला नको होतास. माझं चुकलं. मला माफ कर.