चार नंबर बसवायचा का?

किस्से काय, हुडकाय जावं लागत नाय. माझा पान्याचा टँकर भरायला लावला, की भरस्तवर आमच्या टीमचा एक तरी किस्सा तयार हुतोच. लोकं म्हनत्यात, "बाळू, लिवून काढ की!" आता माझी शाळा सातवी, ती बी मास्तर कटाळलं म्हनून. पन बोलतो तसंच लिवतो. कुनाला शुद्ध पायजेल आसंल त्यानं दुसरीकडं बगावं.

आमची टीम म्हंजी बांध इलेव्हन. हिंजवडीच्या कडंला, कंपन्यांच्या काचा चमकाय लागायच्या आदी जिथं भाताची खाचरं व्हती, तिथं आमचं फुटबॉलचं ग्राउंड. एका अंगाची लाईन म्हंजी आमचा जुना बांधच. मी चार नंबर, डिफेन्सला मदी. पयल्यांदा तालमीत व्हतो, तिथनं इकडं आलो, त्यामुळं आंग जरा भरल्यालं. ग्राउंडच्या डोक्यावर सोसायटीचे टॉवर. बाल्कनीतनं फुकट मॅच बगायची आन मोबाईलवर आमची सालटी काढायची, ह्यो तिथल्या लोकांचा रविवार!

त्या साली तर हद्द झाली. आमी फायनलला गेलो, आन मला फायनल खेळू द्यायची का नाय, हे मोबाईलवर ठराय लागलं! मी आन मोबाईलवर ठरनार? डोकंच फिरलं माझं. पन सुरुवातीपासनं सांगतो.

*

आमचा गोलकीपर पंक्या. अमरावतीकडचा, कंपनीत कॉम्प्युटर बडवतो. एक दिवस त्यानं क्लबचं पेज काढलं. म्हनला, "दादा, आता आपल्याले फॅन भेटतीन!"

भेटले की! पयल्याच मॅचखाली पयलीच कमेंट लेले काकांची. लेले काका म्हंजी सातव्या मजल्यावरचे रिटायर गृहस्थ. जन्म पेठेत गेला, म्हातारपनी पोराकडं ऱ्हायला आले. डोळ्याला दुर्बीन लावून मॅच बगत्यात. त्यांनी लिवलं व्हतं:

"चार क्रमांकाचे गृहस्थ खेळाडू आहेत की पुतळा? पुतळा असल्यास जयंतीची तारीख कळवावी. हार आणता येईल."

माझी सटकली. पंक्या वाचून दाखवत व्हता आन पोट धरून हसत व्हता. मी म्हनलं, "पंक्या, दात आत घे, न्हायतर तुझ्या बी फोटूला हार घालीन!"

*

मंग म्हनलं आपुन बी उत्तर द्यायचं. बोट जाड हाय आपलं, एक दाबाय गेलं की दोन अक्षरं उमटत्यात, पन मराठी येतं टाईप करता. खराडीच्या कुना कंपनीतला एक उत्तरेकडचा गडी आमचं पेज बगायचा. त्यानं इंग्लिशमदी इचारलं, ह्यो चार नंबरचा जाड्या कोन हाय?

म्या लिवलं, "मी हाय."

त्याचं लगीच उत्तर, "हाय!" दुसऱ्यानं लिवलं, "हॅलो!" तिसऱ्यानं हात जोडल्यालं चित्र टाकलं.

मी आजून तापलो. दाबून दाबून लिवलं, "आरं मीच हाय!"

तर त्यो म्हनतो कसा, "हाय मिच! वेलकम टू इंडिया!"

झालं! बांध इलेव्हननं डिफेन्सला फॉरेनर आनला म्हनून पेजवर बोभाटा. भांडायला गेलो, आन पावना म्हनून सत्कार झाला! आजून बी खराडीची पोरं मला मिच म्हनत्यात. म्हनू द्या. तेवढंच परदेशात नाव.

*

पंक्याला तरी कुठं सोडत्यात! एका मॅचला त्याच्या बगलंतनं तीन गोल गेलं. खाली कुनीतरी लिवलं, "गोलकीपर आहे की हायवे?"

मला वाटलं पंक्या आता रडतंय. गडी शांत. लिवलं, "हायवेच हाय भाऊ. हिंजवडीचा चौक असतो, तर बॉल अजून तिथंच अडकून राह्यला असता!"

सोमवारी कंपनीच्या बसमदी अडकल्याल्या समद्या जनतेनं त्याला लाईक मारलं. बस हालत नव्हती, दुसरं काय करनार! गोल खाऊन पंक्या हिरो झाला.

*

आता टँकरचं सांगतो. त्याच सोसायटीला पानी मीच घालतो. रोज सकाळी. पन हे वरच्यांना काय म्हाईत! त्यांना नळ सोडला की पानी येतं, एवढंच म्हाईत.

तर 'बी' टॉवरमदल्या एका सायबानं लिवलं, "या चार नंबरला टँकर चालवायला पाठवा. तेवढंच जमेल."

दुसऱ्या दिशी सकाळी मी टँकर घेऊन गेटवर. साहेब तोंडात ब्रश घालून खाली आलेले, पानी का आलं नाय ते बगाय. कमेंटवर फोटू असतोय, तवा वळखाय वेळ लागला नाय. मी खाली उतरलो. पाईप खांद्यावर टाकला. सरळ म्होरं जाऊन उभा ऱ्हायलो.

"साहेब, तुमी काल म्हनला टँकर चालव. आलो बगा. पाईप कुठं लावू?"

साहेबाच्या तोंडात समदा फेस! गिळता येईना, थुकता येईना. एकदा माझ्याकडं बगतोय, एकदा टँकरकडं. तिसऱ्या मजल्यावरनं त्याची बायको समदं ऐकत व्हती. ती वरडली,

"अहो, आधी ती कमेंट काढा! चूळ मग भरा!"

टाकी मी काठोकाठ भरून दिली. पान्यात राजकारन आपुन करत नाय.

*

राजकारन केलं ते नानांनी.

नाना आमच्या गावचेच. जमिनी गेल्या, बिल्डिंगी उठल्या, आन नाना नगरसेवक व्हायला निघाले. आमाला जर्स्या त्यांच्याच. फायनलच्या आदी त्यांनी पेजवरच्या कमेंटी बगितल्या आन मला बोलावून घेतलं.

"बाळू, पब्लिक नाराज हाय. पब्लिकच्या म्होरं मला जाता येनार नाय."

पब्लिक कसलं! त्यांचा पुतन्या माझ्या जाग्यावर टपून बसला व्हता. म्या म्हनलं, "नाना, बारा वर्सं मी ह्या बांधावर गुडघं फोडून घेतल्यात. ही फायनल आपली हाय. बाकावर बसून बगायला मी काय लग्नातला पावना हाय?"

नाना म्हनलं, "मंग इचारू पब्लिकलाच!" आन पेजवर सवाल टाकला: "फायनलला चार नंबर बसवायचा का? हो / नाही."

नानांच्या डोक्यात, बसवायचा म्हंजी बाकावर.

सांजच्याला पंक्यानं निकाल दावला. समदीकडं हो, हो, हो! टॉवरवाले हो. खराडीवाले हो. माझा मेव्हना हो! आन खाली बगतो तर माझ्या बायकोचं नाव. हो!

घरी जाऊन असा वरडलो की गोठ्यातली म्हैस उभी ऱ्हायली. "तू बी? घरातलंच मानूस उलटं फिरलं?"

ती भाकरी थापत व्हती. हात बी थांबला नाय. म्हनली, "काय झालं वरडाय? गनपती बसवत्यात तसं तुमाला टीमात बसवायचं ना? म्या तर आळीतल्या समद्या बायांना सांगितलं, हो दाबा म्हनून!"

मी तिथंच मटकन खाली बसलो.

*

समद्या पेजवर "नाही" दाबनारा एकच मानूस. लेले काका! मला वाटलं, म्हातारा आपल्या बाजूचा निगाला. गेलो सातव्या मजल्यावर, आभार मानाय.

दार उगडलं. मला खालवर बगितलं.

"अहो, आपण चार नंबर ना? चप्पल बाहेर काढा. राग आणला असेल तर तोही तिथेच ठेवा."

म्या म्हनलं, "राग नाय काका. तुमी एकटंच माझ्या बाजूनं..."

"गैरसमज नसावा. मी तुमच्या बाजूने नाही, भाषेच्या बाजूने आहे. बसवायचा म्हणजे काय? गणपती बसवतात, नळ बसवतात, आणि नालायक माणसाला घरीही बसवतात! एवढा मोघम प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर एकच. नाही."

"मंग ह्या निकालाचा अर्थ काय लावायचा?"

"जो लावणारा आधी लावेल तो."

म्या म्हनलं, "आन माझा खेळ? एवढं लिवता, एकदा खाली येऊन खेळून दावा की!"

काकांनी चष्मा पुसला. "कुकर बिघडला आहे हे सांगायला मला स्वतः शिट्टी मारावी लागत नाही."

च्या मातर फक्कड पाजला.

*

तिथनं जो निगालो तो सरळ फ्रान्सिस सरांकडं, खडकीला. सर आमचे कोच. फॅक्टरीतनं रिटायर, जन्मभर क्वार्टरमदी ऱ्हायलेले, त्यामुळं मराठी आन हिंदी एकाच घासात. त्यांना काकांचं बोलनं सांगितलं. सर मिशीत हसले.

फायनलच्या दिशी ग्राउंडवर नाना मोबाईल नाचवत आले. "सर, पब्लिकचा निकाल बगितला ना? पब्लिक म्हनतंय बसवा!"

सर म्हनले, "देखा नाना. पब्लिक का हुकूम हाय. बसवा म्हनले, तो मैंने बसवला."

"कुठं?"

"डिफेन्स में. एकदम फिट बसला."

नाना लाल झाले. "सर, बसवा म्हंजी बाकावर!"

तवर बांधावर आमची आख्खी आळी येऊन बसल्याली. माझी बायको उठली आन तिथनंच वरडली, "नाना, आमी टीमात बसवा म्हनून हो दाबलंय! आता मत फिरवताय व्हय आमचं?" मागनं समद्या बायांनी गलका केला.

ह्या समद्या बायांची मतं नानांना म्होरं लागनार व्हती. नाना हात जोडून म्हनले, "ताई, मी बी तेच म्हनत व्हतो!"

*

म्होरं टीम खराडीच्या कंपनीची. त्यांचा नऊ नंबर लय फेमस. केसाला सोनेरी रंग, सोताचं पेज. आदल्या दिशी त्यानं व्हिडिओ टाकल्याला, "चार नंबरच्या दोन पायांच्या मधून बॉल काढून दाखवतो!"

पयल्यांदाच आला अंगावर. बॉल इकडं दावतो, तिकडं दावतो. म्या बॉल बगितलाच नाय, त्याच्या कंबरंकडं बगत ऱ्हायलो. पायात फट ठिवून उभा ऱ्हायलो असतो, तर तालमीत वस्तादानं तवाच हाकललं असतं मला! बॉल मारला त्यानं, माझ्या नडगीवर आदळला, आन गडी माझ्या छातीवर. बसला खाली. रेफरी म्हनला, खेळा!

दुसऱ्यांदा आला, परत बसला. मंग त्यो उजवीकडनं जाय लागला, मी उजवीकडं. डावीकडं गेला, मी डावीकडं. पानी प्यायला लाईनीबाहेर गेला, तिथं बी मी! म्हनला, "भैया, पानी तो पीने दो!" म्या म्हनलं, "पी की. पानी आपल्याकडं लय हाय."

आमचा एक गोल झाला. कुनी केला ते इचारू नका, त्याचा बाप रोज सांगत फिरतोय. त्यांचा एक बी नाय. पंक्याची जर्सी शेवटपतूर कोरडी! शिट्टी वाजली तशी बांधावरची बाया-पोरं ग्राउंडमदी घुसली. सरांनी मला मिठी मारली, पन हात मागं पुरंनात. नाना कपासंगं फोटू काढाय सगळ्यांच्या आदी उभे!

पंक्यानं मोबाईल काढला. पेजवर खराडीवाल्यांचा दंगा. एकानं इचारलं व्हतं, "आमचा नऊ नंबर आज मॅचला आला होता का? कुठे दिसला नाही."

त्याच्या खाली लेले काका:

"शोधाशोध नको. चार क्रमांकाच्या खिशात पाहावे."

समदे माझ्याकडं बगाय लागले. म्या पंक्याच्या हातातनं मोबाईल घेतला आन एका बोटानं लिवलं:

"काका, चड्डीला खिसा नाय."

वर सातव्या मजल्याच्या बाल्कनीत दुर्बीन खाली झाली. लगीच उत्तर आलं:

"मग शिवून घ्या. पुढच्या वर्षीही लागेल."