जीपमधली वाचक

कमलनगरच्या जीपमध्ये ती रोज माझ्या शेजारी बसायची. साडीला शिवणकामाचे दोरे चिकटलेले आणि मोबाईलवर एकेका ओळीखाली सरकणारं बोट. नागराज्याची एक जादूची कादंबरी संपल्यावर कुणा चाहतीनं स्वतःच पुढचे भाग लिहून नेटवर टाकले होते. ही तेच वाचायची. मला असल्या गोष्टींचा कंटाळा.

"मूळ लेखकानं त्या मुक्या दासीला दोन ओळीत मारलं," ती एकदा म्हणाली. "ह्या पोरीनं तिला जिती करून राज्य दिलं. काय डोकं हाय, अक्का!"

"मग तिला कळवा की."

"माझी शाळा कानडीत झाली. मराठी वाचता येतंय, लिहाय गेलं की हात थांबतो."

शेवटच्या भागाखाली लेखिकेनं विचारलं होतं, 'कुणी वाचतंय का?' खाली एकही उत्तर नव्हतं.

"सांगा, मी लिहिते," मी म्हणाले. तिनं अडखळत, लाजत सांगितलं. मी पाठवलं. पडद्यावर आलं, 'या लेखिकेचं खातं बंद आहे.'

तिनं ते वाचलं. मग पुन्हा त्या प्रश्नापाशी गेली, मोबाईल तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हणाली, "व्हय बाई, मी वाचायले की."