हॉटेलात मी काय करतो

पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये मी दारू मिसळून देतो. वाक्य एवढंसं आहे, पण साकोलीजवळच्या एकोडी गावातल्या आमच्या घरात ते पोचायला सात वर्षं लागली. आणि पोचलं तेही माझ्या तोंडून नाही.

घरी मी फक्त ‘हॉटेल लाईन’ म्हणून सांगितलं होतं. घोळ तिथेच झाला. आमच्याकडे हॉटेल म्हणजे बसस्टॉपवरची टपरी, चहा आणि आलुबोंडे. शिकलासवरलेला पोरगा पुण्याला जाऊन कपबशा विसळतो असं गावाला वाटू नये म्हणून बाबांनी परस्पर मला मॅनेजर करून टाकलं. मीही नाही म्हटलं नाही. दर सुट्टीत कोणी ना कोणी हटकायचंच, “काय गा मॅनेजर, कवा आला?” मी हसायचो. तासन्‌तास उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या, बर्फ फोडून उजवं मनगट कामातून गेलेलं, आणि वर हे हसणं. खरं सांगायचं तर कामापेक्षा त्या हसण्याचाच शीण जास्त यायचा.

या उन्हाळ्यात माझं लग्न जमत आलं होतं. मुलगी लाखनीची, शाळेत शिकवते. तेहतिशी ओलांडलेल्या मला ती आवडली होती, आणि तिलाही मी बरा वाटलो असावा. दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील आमचं घर पाहायला येणार होते. आदल्या दुपारी जेवणं झाल्यावर बाबा ओसरीवर माझ्यासमोर येऊन बसले.

“बाबू, ते पाहुने इचारतीन. मॅनेजर म्हंजे नेमकं करतो काय तू? मले नीट सांगता आलं पायजे.”

आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मोहाची सोडली ती सोडलीच. बाबा दर रविवारी विहारात पंचशील म्हणतात, आणि नुसतं म्हणून मोकळे होत नाहीत. अशा माणसाला काय सांगायचं? खोटं बोलायचंही आता त्राण राहिलं नव्हतं.

“करून दाखवतो,” मी म्हणालो.

बॅगेत बर्बनची एक बाटली होती, एका जुन्या गिऱ्हाइकाने दिलेली. मक्यापासून काढतात ती अमेरिकन व्हिस्की. गोंदियाच्या मित्राला तिच्यात पुदिना घालून पाजायचं कबूल केलं होतं, म्हणून सकाळीच साकोलीहून पुदिन्याची जुडीही आणून ठेवली होती. बाटली ओसरीवर ठेवली तेव्हा मायने शेजारचा पाण्याचा माठ तेवढा उचलून आत नेला.

पुदिना घ्यायला स्वयंपाकघरात गेलो तर जुडी जागेवर नाही. पाट्यावर हिरवागार गोळा, शेजारी लसणाची टरफलं.

“पुदिना कुठाय, माय?”

“वाटला ना. पुदिना आनला तं मले वाटलं चटनीसाठीच आनला. तिखट होईन का तुले?”

तिचं काय चुकलं? पुदिना आणून दुसरं करायचं तरी काय असतं? मी दाराला टेकून उभा राहिलो आणि मला एकदम बरं वाटलं. सुटलो. आता जाऊन झोपावं, उद्याचं उद्या.

वळून पाहतो तर बाबा परसातून येत होते. न्हाणीच्या सांडपाण्यावर थोडा पुदिना आपोआप वाढलेला आहे, त्याचे कोवळे शेंडे तेवढे खुडून, धुऊन त्यांनी आणले होते. माझ्या हातावर ठेवत म्हणाले, “हं. दाखव.”

मग दाखवलं. स्टीलच्या पेल्यात पुदिना टाकला, साखरेचा पाक ओतला, चमच्याच्या पाठीने पानं नुसती दाबली. चेचायची नसतात, चेचली की कडू होतात. फ्रीजमधला बर्फ टॉवेलात बांधून बत्त्याने फोडला. मनगटातून कळ गेली. बर्बन मापून ओतली, चुरा बर्फ वर रचला, पेल्याला बाहेरून पांढरं दव धरेपर्यंत हलकं ढवळलं, आणि शेवटी एक शेंडा तळहातावर थापटून वर खोचला. रोज शंभरदा करतो ते. त्या दिवशी मात्र परीक्षेला बसल्यासारखा घाम आला.

बाबांनी पेला उचलला नाही. वाकून वास घेतला.

“हेच करतो?”

“हेच.”

“हात चांगला बसला तुया,” ते म्हणाले. मग, “पेतो का तू?”

“नाही. चव पाहायला थेंबभर जिभेवर घेतो, थुंकून टाकतो.”

“मंग तुयं पाचवं शील शाबूत हाये.” त्यांनी गुडघे चोळले. “चौथं मीच मोडलं. खोटं बोलनार नाही म्हनतो दर इतवारी, आन भायेर येऊन तुले मॅनेजर सांगत रायलो. सात वर्स.”

मला वाटलं होतं हे ओझं मी एकटाच वाहतो आहे.

त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि मुलीच्या वडिलांना फोन लावला. माय दारात येऊन उभी राहिली. मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण मी हललो नाही.

“जयभीम जी. एक सांगाचं होतं, उद्या तुमी येयाच्या आंधी. पोरगा मॅनेजर नाही. बारमधी दारू बनवून देते. पेत नाही, थेंब नाही पेत.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि नजर काढून घेतली. “नाही नाही. त्याचा काही दोष नाही. त्याले ठाऊकच नाही मी लोकाइले काय सांगतो ते.”

फोन ठेवला. “इचार करून सांगतो म्हने,” ते मायला म्हणाले, आणि भिंतीला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले.

मला सगळं ठाऊक होतं. सात वर्षं मीच तर हसत होतो. चौथं शील बाबांनी माझ्यासाठी तिथल्या तिथे पुन्हा मोडलं, आणि फोन हातभर अंतरावर असताना मी गप्प बसून राहिलो.