पोटनिवडणुकीला न आलेली माणसं

मतदानाच्या दिवशी माझ्याकडे जेवायला माणूस असतं. एरवी वर्षभर नसतं. त्यामुळे निवडणूक जाहीर झाली की लोक वैतागतात आणि मी मासळीवालीला सांगून ठेवते.

मी लालबागला चाळीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, एकटी. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईचं केलं. परळच्या एका रुग्णालयात रेकॉर्ड विभागात नोकरी केली, म्हणजे जन्मभर केसपेपर नंबरवारी लावले. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठला. गल्लीतल्या पक्षाच्या कार्यालयात मतदार यादी धडपणे वाचू शकेल असं कुणी नव्हतं, म्हणून मला बोलावलं, आणि मी गेले. पक्षाशी मला फारसं देणंघेणं नाही. यादी नीट हवी, एवढंच.

मतदान केंद्रापासून ठरलेल्या अंतरावर आमचं टेबल लागतं. मतदार येतो, नाव सांगतो. मी यादीत ते शोधते, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून देते आणि यादीतल्या नावावर पेन्सिलीने रेघ मारते. दुपारी एकनंतर ज्या नावांवर रेघ नाही, त्यांना फोन करायचे, दारं वाजवायची. निवडणूक भाषणांनी जिंकतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा दुपारी दोन वाजता त्या टेबलापाशी येऊन बसावं.

कोण किती वाजता येणार हे मला पाठ आहे. बाजारात बसणाऱ्या कोळणी पहाटेच तयार असतात, सातच्या ठोक्याला मत देऊन पाट्यांवर जातात. माझगावच्या बाजूची ख्रिस्ती म्हातारी जोडपी नऊच्या सुमारास इस्त्रीच्या कपड्यांत येतात, रांगेतल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणतात आणि चिठ्ठी घरूनच लिहून आणतात. चाळीतले म्हातारे आंघोळ, देवपूजा आटोपून दहाला. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधली मंडळी मोठ्या निवडणुकीला येतात, शाई लावलेल्या बोटाचा फोटो काढतात आणि गाडीत बसून जातात. नगरसेवकाच्या वेळी त्यातली निम्मी येत नाहीत. आणि अकरानंतर येतात आमची गेलेली माणसं. बदलापूर, नालासोपारा, कल्याण, विरार. खोल्या विकून किंवा भाड्याने देऊन गेली, पण नाव इथल्या यादीत ठेवून गेली. कायद्याने हे चूक आहे. मला चांगलं माहीत आहे, कारण ती नावं तिथे राहावीत म्हणून खोटं मीच बोलत होते.

दर वेळी पडताळणीला एक बाई घरोघर फिरायच्या. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका, उन्हात जिने चढून चढून बिचाऱ्यांचा जीव जायचा. माझ्या दारात बसून पाणी प्यायच्या आणि एकेक नाव वाचायच्या, हे राहतात का, हे राहतात का. मी म्हणायची, राहतात, गावी गेलेत, येतील. सगळा मजला माझ्यामुळे कागदावर भरलेला होता.

त्यातलं एक नाव समोरच्या खोलीतलीचं. ती मालवणची, मी घाटावरची. वीस वर्षं आमची दारं समोरासमोर उघडी असायची. तिच्याकडचं कालवण माझ्याकडे आणि माझ्या आईच्या हातची भाकरी तिच्याकडे. मुलाचं लग्न ठरल्यावर तिने खोली विकली आणि ती सगळी बदलापूरला गेली. त्याला आता बारा वर्षं होतील. जाताना ती रडली नाही. म्हणाली, "माझा नाव हंयच रवांदे. इलेक्शनाक तरी येयन."

आणि ती यायची. एक निवडणूक चुकवली नाही. साडेअकराला डबा घेऊन माझ्या टेबलापाशी हजर, "काय गो, टक्को किती झालो?" टक्क्याचं तिला सोयरसुतक नव्हतं, ती मला खूश करायला विचारायची. मत देऊन वर जायची, किल्ली तिला ठाऊक होती कुठे असते. मी दुपारी अर्धा तास टेबल सोडून जायची तेव्हा पानं वाढलेली असायची. आदल्या संध्याकाळी मी बांगड्याचं तिखलं करून ठेवायची, तिनेच शिकवलेलं, आणि ती दर वेळी त्यात काहीतरी खोट काढायची. त्या दिवशी मला माझाच आवाज घरात ऐकू यायचा. बरं वाटायचं.

मग आमचे आमदार मुदतीच्या मध्येच वारले आणि पोटनिवडणूक लागली.

मोठ्या निवडणुकीत हवा असते. घरात टीव्ही तेच बोलतो, कार्यालयात तेच, माणूस ओढला जातो. मधल्या निवडणुकीत हवा नसते. त्या दिवशी तेच येतात, जे कसेही आले असते. सकाळी कोळणी आल्या, ख्रिस्ती जोडपी आली, म्हातारे आले. टॉवरवरून मोजकी माणसं उतरली. पलीकडच्या उमेदवाराच्या टेबलावर मात्र गर्दी हलेना. त्याची माणसं आमच्याहून कमी होती, हे दोन्ही टेबलांना माहीत होतं. पण ती सगळी इथेच राहत होती, चार गल्ल्यांत, एकमेकांच्या दारांत. आमची जास्त होती, ती बदलापूरला.

अकरा वाजले, बारा वाजले. आमच्या गेलेल्या माणसांच्या नावांवर एकही रेघ नव्हती. मी फोन करत सुटले. कुणी उचलला नाही, कुणी "बघतो" म्हणालं. शेवटी तिला लावला.

"अगो, ह्या येळेक नाय जमाचा," ती म्हणाली. "सुनेक सुट्टी नाय. नातीक कोण बघतला?"

"आज सुट्टी आहे," मी म्हटलं.

"ती तुमच्याकडे. तिचा हापिस ठाण्याक. मधलीच तर आसा. मोठ्या इलेक्शनाक येतंय मां."

मी फोन ठेवला. मला इतका राग आला की पुढच्या माणसाची चिठ्ठी चुकीची लिहिली. मधलीच तर आहे. म्हणजे मत द्यायला आली तर वर येऊन जेवणार, आणि मत नसेल तर मी कोण? सुट्टी फक्त आमच्या मतदारसंघाला होती, ठाण्याला नव्हती. एवढी साधी गोष्ट. ज्यांनी यायचं त्यांच्यातल्या निम्म्यांना त्या दिवशी सुट्टीच नव्हती आणि निकाल तिथेच लागला होता. पण त्या दुपारी मला ते दिसलं नाही. मला फक्त वर झाकून ठेवलेलं पातेलं दिसत होतं. तिखलं मी एकटीने दोन दिवस खाल्लं.

आमचा उमेदवार थोडक्यात पडला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात शाखेतला म्होरक्या माझ्यासमोर यादी आपटून म्हणाला, "बाई, तुमच्या मजल्यावर अर्धी भुतं राहतात. ह्या यादीवर आम्ही हिशेब मांडतो आणि तोंडघशी पडतो." सगळ्यांसमोर म्हणाला. जन्मभरात माझ्या रजिस्टरवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी घरी येऊन दार लावून घेतलं आणि रडले. त्याच्या बोलण्याने की तिच्या न येण्याने, ते मला त्या वेळीही नीट कळलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी पडताळणीच्या बाई आल्या. पाणी प्यायल्या. पहिलं नाव वाचलं. मी म्हटलं, "गेले. विरारला." बाईंनी मान वर करून बघितलं. दुसरं नाव. "गेले." मला बोलताना चक्क हलकं वाटत होतं. खरं बोलत होते ना. तिचं नाव आलं तेव्हा मी क्षणभर थांबले. थांबले हे मी लपवणार नाही. म्हणजे माझ्याकडे वेळ होता. "गेली," मी म्हटलं. "येत नाही ती आता." बाईंनी खूण केली. मग नाव वगळण्याची एक नोटीस तिच्या जुन्या खोलीच्या पत्त्यावर आली. नव्या भाडेकरूने ती मला आणून दिली, कारण चाळीत जुनी पत्रं माझ्याकडेच येतात. तिला फोन करायला हवा होता. मी म्हटलं, करू. गणपती गेले, दिवाळी गेली. नोटीस ड्रॉवरमध्ये राहिली. तिचाही फोन आला नाही, हे मी स्वतःला रोज सांगत होते.

मग महापालिकेची निवडणूक आली. यादी हातात आली तेव्हा आमचा मजला निम्म्यावर आला होता. म्होरक्याने मला शाबासकी दिली. टक्का चांगला दिसणार होता. जी माणसं नाहीतच ती वजा केली की टक्का वाढतो, त्यासाठी एक मतदार जास्त यावा लागत नाही. सकाळपासून माझ्या पेन्सिलीला उसंत नव्हती आणि अकरानंतर माझ्या टेबलापाशी कुणीही आलं नाही. येणारं कुणी उरलंच नव्हतं. मी काही करून ठेवलं नव्हतं. आदल्या दिवशी बाजारातही गेले नव्हते.

पावणेबाराला ती आली.

केस पूर्ण पांढरे झाले होते. गुडघ्याला पट्टा होता, रस्ता ओलांडताना थांबत थांबत आली. हातात डबा. "ह्या येळेक ठाण्याकय इलेक्शन, सुनेक सुट्टी आसा," ती लांबूनच सांगायला लागली. "मागच्या टायमाक तू रागावलंस, माका म्हायती आसा. काय गो, टक्को किती झालो?"

मी यादी उघडली. काय नाही ते मला ठाऊक होतं, तरी पानं उलटली. बोट त्या जागेवरून फिरवलं जिथे तिचं नाव असायचं. तिथे आता दुसरंच कुणी होतं.

"नाव नाहीये," मी म्हटलं.

"माझा? खंय गेला?"

शेजारच्या खुर्चीवरचा कार्यकर्ता सवयीने बोलून गेला, "सगळीकडे घोळ घातलाय हो यादीत, आजी. काय करणार." तिने मान डोलावली. यादीवाल्यांना दोन शिव्या हासडल्या. त्या कार्यकर्त्याने मला वाचवलं होतं आणि मी स्वतःला वाचवू दिलं. "तू वर जा," मी म्हटलं, "मी येते."

वर गेले तेव्हा तिने डबा उघडून दोन पानं वाढली होती. गॅसवर काही नाही हे तिने पाहिलं असणार, पण विचारलं नाही. घावणे होते आणि काळ्या वाटाण्याची उसळ. मी एक घास मोडला आणि तसाच पानात ठेवला.

"घोळ नाही," मी म्हटलं. "त्या बाई आल्या तेव्हा मीच सांगितलं, तू गेलीस म्हणून. नोटीस आली होती. ती पण मी दिली नाही तुला."

ती खात राहिली. घावण्याचा तुकडा मोडून उसळीत बुडवला, तोंडात घातला, सावकाश चावला. मला वाटलं, आता उठेल. उठली असती तर बरं झालं असतं.

"गेलंयच मां," ती म्हणाली. "बारा वर्सां झाली. तू खोटा कितीदा सांगतलंस?"

ती पाणी प्यायली आणि गुडघा चोळत म्हणाली, "आता थंयच नाव घालूक होया. फॉर्म तुझ्याकडे असतलो. भर बघू."

म्हणजे आता ती येणार नव्हती. यायला कारणच उरलं नव्हतं आणि ते मी स्वतःच्या तोंडाने काढून टाकलं होतं. नाव नोंदणीचे कोरे फॉर्म माझ्या पिशवीत नेहमी असतात. एक काढला, पेन काढलं. तिचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, जन्मतारीख न विचारता लिहिली. आडनावातलं अक्षरही चुकलं नाही.

मग पत्ता आला आणि माझा हात थांबला.

इमारतीचं नाव मला माहीत नव्हतं. पूर्वेला की पश्चिमेला, तेही नाही. बारा वर्षं ती येत होती, दर वेळी, आणि न आल्याबद्दल मी तिच्यावर रुसले होते. मी एकदाही गेले नव्हते. माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

"पूर्व," ती म्हणाली. मी लिहिलं. तिने इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला, खोली सांगितली. मी मुद्दाम सावकाश लिहीत होते.

"स्टेशनपासून किती लांब?" मी विचारलं.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ह्या फॉर्मात इचारतत?"

"नाही," मी म्हटलं. "मी विचारतेय."