रंगाखालची फुली

कारखान्यात त्याला सगळे 'चकाचक' म्हणायचे, आणि त्यात थट्टेपेक्षा कौतुकच जास्त होतं. गोदामाची किल्ली त्याच्याकडे. हातोडे मापाप्रमाणे टांगलेले, दोऱ्यांची वेटोळी एकावर एक, झाडूसुद्धा भिंतीला पाठ लावून उभे. बायको म्हणायची, "हा माणूस झोपेतही चादरीच्या सुरकुत्या काढतो." माणूस वाईट नव्हता हो! कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण स्वतःची चूक कबूल करायची म्हटली, की त्याच्या जिवावर यायचं. त्या खोडीनेच पुढे घात केला.

गोदामात लाकडी शिड्या तीन, एकसारख्या. त्यांतल्या एकीच्या दांड्याला चीर गेलेली सुताराला दिसली, तशी त्याने तिथे खडूने मोठी फुली मारली. फुलीच्या शिडीला कोणी हात लावायचा नाही, हा तिथला शिरस्ताच होता. "परत आलो की फोडून टाकतो," असं सांगून सुतार आजारी आईला भेटायला गेला.

तेवढ्यात मालक पाहणीला येणार अशी बातमी आली, आणि चकाचकच्या अंगात आलं. त्याने तिन्ही शिड्या घासल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि झकास हिरवा ऑइल पेंट फासला. अहो, लाकडी शिडीला असा रंग देऊ नये, खालची चीर दिसेनाशी होते, हे शेंबडं पोरही सांगेल! यालाही ठाऊक होतं. फुलीची शिडी त्याने वेगळी ठेवली होती, वाळली की पुन्हा फुली मारू म्हणून. पण पहारेकऱ्याने वाट मोकळी करायला तिन्ही उचलून एकत्र टेकवल्या. सकाळी हा बघतो तर तिन्ही हिरव्यागार, आणि चिरलेली कोणती ते काही केल्या कळेना.

तेव्हाच कोणाला तरी सांगितलं असतं तर! पण नाही. शिडी मागायला कोणी आलं की हा म्हणे, "रंग ओला आहे." दुसऱ्या दिवशीही ओलाच. शेवटी झाडलोट करणाऱ्या मावशींनी बोट लावून पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काय रे चकाचक, हा रंग आहे की माझ्या सासूचा राग? वाळून खडखडीत झाला तरी तू आपला ओला ओला म्हणतोस!" सगळे खो खो हसले. हाही हसला, पण शिडी काही दिली नाही.

मग त्याने स्वतःचं डोकं चालवलं. सकाळी कोणी यायच्या आत तो एकेका शिडीवर चढला आणि पायरीपायरीवर दणादण उड्या मारल्या. तिन्ही टिकल्या. कुठे कुरकुरसुद्धा नाही. सुताराला उगीच भास झाला असणार, असं म्हणत त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि शिड्या कामाला देऊन टाकल्या.

त्याच दिवशी सुतार परतला. "ती फुलीवाली काढ, फोडून टाकू."

"चांगली आहे रे ती," चकाचक म्हणाला. "मी उड्या मारून बघितल्या."

सुताराने पिशवी खाली ठेवली. "उड्या मारल्यास? अरे मूर्खा, होता नव्हता तो जोर तूच संपवलास! आता पुढचा चढेल तो पडेल. कुठे आहे ती?"

चकाचक पळत सुटला.

मोठ्या दालनात तिन्ही शिड्या लावलेल्या होत्या. एकीवर वायरमन, एकीवर जळमटं काढणाऱ्या मावशी, आणि एकीवर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, ज्याला यानेच नोकरीला लावलं होतं. एक हाक पुरली असती, "सगळे खाली उतरा!" शब्द ओठांवर आलाही. पण मग सगळे विचारणार, का? आणि सगळं बाहेर येणार. त्या एवढ्याशा भीतीने त्याने हाक गिळली. तो सरळ मेहुण्याच्या शिडीकडे धावला, दोन्ही दांडे घट्ट धरले आणि हळूच म्हणाला, "खाली ये. सावकाश."

मेहुणा दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच पाठीमागे लाकूड काडकन मोडलं. आधी बादली पडली. मग मावशी पडल्या. त्यांना ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

मागोमाग आलेला सुतार त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि "डॉक्टरला बोलवा!" म्हणून ओरडला. वायरमन शिडीवरून घसरतच खाली आला आणि दाराकडे धावला. चकाचकला मात्र मागे वळून बघवेना. त्याचे हात दांड्यावरून सुटतच नव्हते.

मेहुणा खाली उतरला. त्याने एकदा मावशींकडे पाहिलं, मग त्या हातांकडे.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही माझीच शिडी का धरलीत?"